जाड टायरची ट्यूब

मिलिंद, तू गेल्यावर मी रडलो नाही. मला वेळच मिळाला नाही. तुझ्या सीटखालच्या पिशवीत सापडलेली ती जाड टायरची ट्यूब कुणासाठी होती, या तपासात मी होतो.

"दुपारी जेवून जरा पडतो म्हणाले आणि उठलेच नाहीत," एवढंच शोभावहिनी फोनवर म्हणाल्या. माझा विश्वास बसला नाही. आदल्याच रविवारी शंभर किलोमीटर सायकल मारून वर कात्रजच्या घाटात माझ्याशी भांडलेला माणूस मंगळवारी दुपारी झोपेत जातो? मी त्यांना विचारलं, डॉक्टर कोण आले होते, किती वाजता आले, जेवणात काय होतं. त्या म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही फक्त या." लाज वाटली मला. पण सगळी नोकरी वीज मंडळाच्या भरारी पथकात, लोकांच्या मीटरची सील तपासण्यात गेली. माणूस गेला हेसुद्धा मी खात्री करूनच मानतो.

धायरीहून विश्रांतवाडीला येईपर्यंत मी रिक्षात तुझ्यावर चिडलेलो होतो. आमचा निनाद हिंजवडीहून ऑफिस टाकून परस्पर आला. तो तुझ्या पायाशी बसून हमसून हमसून रडत होता. मला नवल वाटलं. या मुलाने त्याच्या आजोबांच्या वेळी डोळ्यांतून टिपूस काढलं नव्हतं. मी मनात म्हटलं, ऑफिसात काहीतरी बिनसलं असणार, निमित्त तुझं. बघ, तिथेही माझं डोकं कुठल्या दिशेने चालत होतं.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी त्रिशरण झालं, भन्तेजी बोलले, तुझ्या कारखान्यातले दोघे बोलले. पॉलिटेक्निकपासूनचा मित्र म्हणून मलाही उठायला सांगितलं. मी मान हलवून नको म्हणालो. लोकांना वाटलं, याला हुंदका आलाय. हुंदका कसला, आपलं भांडण मिटलेलं नव्हतं आणि चारचौघांत तुझं कौतुक करायला माझी जीभ रेटेना.

निघताना वहिनींनी ती पिशवी माझ्या हातात दिली. "सायकल राहू दे म्हणतेय घरात. पण ह्यातलं आम्हाला काही कळत नाही, तुमच्या उपयोगाचं असेल."

आता आपला नियम दुसऱ्या कुणाला सांगितला तर हसतील. माझ्या चाकाला हवा भरायचं तोंड जाड असलेली ट्यूब लागते, तुझ्या चाकाला बारीक तोंडाची. एकाची दुसऱ्याला चालत नाही. पहिल्याच वर्षी रांजण्याच्या पुढे माझं पंक्चर झालं, ट्यूब माझी मी बदलली, आणि तू मात्र दोन वळणं पुढे जाऊन घाटमाथ्यावर माझी वाट बघत बसलास. मी वर आल्यावर जे काही बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. तू शांतपणे माझ्या पिशवीतली उरलेली ट्यूब काढलीस, तुझ्या पिशवीत घातलीस, आणि तुझी माझ्याकडे दिलीस. "आता पुढे कसा जाईन?" म्हणालास. तेव्हापासून अकरा वर्षं तुझी ट्यूब माझ्या पिशवीत आणि माझी तुझ्या. स्वतःसाठी जवळ काही ठेवायचं नाही.

तर घरी येऊन पिशवी उघडली. चाक उतरवायच्या दोन पट्ट्या, पाना, चिमटीएवढी सँडपेपरची घडी, आणि माझी ट्यूब, पावडर लावून, प्लॅस्टिकमध्ये नीट गुंडाळलेली. तिच्या शेजारी आणखी एक. बोटांनी चेपून पाहिली. आपल्या ट्यूबच्या दीडपट जाड. ती तुझ्या चाकात जाणार नाही, माझ्याही नाही. तीही पावडर लावून, तितक्याच काळजीने गुंडाळलेली.

म्हणजे तू तिसऱ्याच कुणाचं तरी पंक्चर सांभाळत होतास.

मिलिंद, त्या पिशवीत एखादं प्रेमपत्र मिळालं असतं तर मी हसलो असतो, फाडून टाकलं असतं आणि वहिनींना कळू दिलं नसतं. ही ट्यूब मला सहन झाली नाही. मी पुन्हा पुन्हा स्वतःला विचारत होतो की या माणसाला माझा कंटाळा आला होता का. माझ्या जागी कुणी आलं होतं का. आणि आता हे विचारणार कुणाला?

मग एकेक आठवायला लागलं. चार महिने तू एकच टकळी लावली होतीस, "एकदा उलटं जाऊ या." आपला रस्ता ठरलेला. धायरीतून निघायचं, खडकवासल्याच्या पाण्याकडेने खानापूर, डावीकडे वळून रांजणे, पाबे घाट चढून पलीकडे वेल्ह्याच्या खोऱ्यात उतरायचं, मग नदीच्या काठाकाठाने नसरापूर, आणि शेवटी थकल्या पायांनी कात्रजचा जुना घाट चढून गावात. तू तर त्याआधी विश्रांतवाडीहून अख्खं शहर ओलांडून पावणेसहाला माझ्या गेटवर उभा असायचास आणि ते अंतर कधी मोजायचा नाहीस. आणि आता तुला हेच सगळं कात्रजकडून सुरू करायचं होतं.

"का?" मी विचारलं.

"अरे, नसरापूरला जाताना ऊन डोळ्यांवर येतं. उलटं गेलं की पाठीवर राहतं."

"तुला काय माहीत? तू कधी गेलायस?"

"अंदाज आहे," म्हणालास.

त्या दिवशी मी सोडून दिलं. पण नंतर तू म्हणालास की त्या बाजूने पाबे घाटात तिसऱ्या वळणावर सावली असते. आणखी एकदा म्हणालास, मार्गासनीच्या अलीकडचा खड्डा बुजवलाय. आपल्या बाजूचा खड्डा तसाच होता, मी त्यातूनच गेलो होतो. बुजवलेला खड्डा समोरच्या बाजूचा होता. अंदाजाने एवढं कळत नसतं. मीटर मागे फिरवणारी माणसंही अशीच जास्तीची एक माहिती देऊन बसतात.

शेवटच्या रविवारी तू पुन्हा काढलंस. कात्रजच्या चढावर, माझी जीभ बाहेर आलेली असताना. मी म्हणालो, "तुला जायचं तर जा उलटा. माझ्याशिवाय जा." तू हसलास आणि म्हणालास, "बरं, जातो." मी उरलेला रस्ता तुझ्याशी बोललो नाही. गेटवर तू हात वर केलास, मी केला नाही. हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

खरं म्हणजे माझ्यासारख्या माणसाबरोबर अकरा वर्षं कुणी टिकतं का? चेन नीट लावलीस का, ब्रेक घासतोय, गिअर उशिरा टाकलास, पाणी लवकर संपवतोयस. अख्ख्या खोऱ्यात माझं निरीक्षण चालू. तू घाटमाथ्यावर नेहमी आधी पोचायचास आणि तोरण्याकडे पाठ करून उभा राहायचास. मी धापा टाकत आलो की "चल, आता बघू," म्हणून वळायचास. अकरा वर्षांत तू एकट्याने तोरणा पाहिला नाहीस, निदान मी तसं समजत होतो. गेल्या पंधरवड्यात मला त्याचाही संशय आला.

म्हणून गेल्या गुरुवारी मी सायकल काढली. गुरुवारी आमच्याकडे पाणी बंद असतं आणि सोसायटीच्या मागच्या गेटवर टँकर येतो. तो काठोकाठ भरलेला आहे की नाही हे बघायला मी पहाटेपासून तिथे उभा असतो, हे तुला ठाऊक आहे. टँकर सोडून मी निघाल्याचं बघून वॉचमनला मी आजारी आहे असं वाटलं असेल. पाबे घाट मी एकटा चढलो. वर थांबलो नाही. सरळ पलीकडे उतरून पाब्यात, आपण दर रविवारी चहाला थांबायचो त्या कांताबाईंच्या टपरीवर गेलो.

त्यांना तू गेल्याचं माहीत नव्हतं. सांगितल्यावर त्या हातातलं पातेलं खाली ठेवून बाकावरच बसल्या.

"आवं, असं कसं? अगदी परवा-परवा बेस्तरवारी आलं हुतं की."

"गुरुवारी? आम्ही रविवारी येतो."

"तुमी ऐतवारी. ते बेस्तरवारी बी यायचं. नसरापूरच्या अंगानं." त्यांनी हाताने रस्ता दाखवला, उलटा.

"एकटेच?"

"न्हाय. संगं त्यो चष्म्यावाला. पैल्या बारीला चढ बघून हितंच आडवा झाला बाकावर. दादा त्याला म्हणलं, घाई न्हाय, आज हितनंच माघारी जाऊ. पाच-सा बेस्तरवार झालं आसतील. मागल्या टायमाला मातुर घाट चढून पार गेला, बाई. दादा हितं टाळ्या वाजवत हुतं." त्या डोळे पुसत म्हणाल्या, "त्यांचा ल्योकच न्हवं का त्यो?"

"त्यांना मुलगा नाही," मी म्हणालो. "दिसायला कसा होता?"

"चांगला हुता की. बोलायचा कमी. पव्हं दिलं की शेंगदाणं येक-येक काढून ताटलीच्या कडंला लावायचा आन् सगळ्यात शेवटाला खायाचा. मी हसायची त्याला."

मिलिंद, मला पुढचं काही विचारायची गरज उरली नाही. पोह्यांतले शेंगदाणे ताटलीच्या कडेला लावून शेवटी खाणारा माणूस, तो पाच वर्षांचा असल्यापासून मी रोज बघतोय. त्यावरून त्याला मी किती बोललोय, तेही मला आठवतं. "मोजून ठेव, कुणी चोरेल," असं.

कांताबाईंनी चहा पुढे केला. तो तसाच ठेवून मी निघालो.

निनाद. माझा निनाद! गुरुवारी घरून काम असतं म्हणून त्याच्या खोलीचं दार सकाळी बंद असायचं. दारावर टकटक करायची नाही, मीटिंग चालू आहे, असं आमच्या हिने बजावलेलं. टँकर मागच्या गेटने येतो आणि मी मागच्या गेटवर. पुढच्या गेटने कोण सायकल घेऊन जातंय मला दिसणार कसं? चार महिन्यांत त्या पोराचे हात कोपरापर्यंत काळे झाले होते. आठवड्यातून चार दिवस कंपनीच्या बसने एसीत जाऊन एसीत बसणाऱ्या मुलाचे हात! दुसऱ्याच्या घरात शिरल्याबरोबर सीलवरचा ओरखडा दिसणारा मी, रोज त्या हातांसमोर जेवत होतो.

संध्याकाळी काम संपवून तो खोलीतून बाहेर आला, तेव्हा ट्यूब मी जेवणाच्या टेबलावर मधोमध ठेवली होती. पंचनाम्याला मुद्देमाल ठेवावा तशी. तो बघून दारातच थांबला. ही स्वयंपाकघरातून बाहेर आली, ट्यूबकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाली, "मला माहीत होतं. सायकल बी विंगच्या पार्किंगमध्ये आहे. मीच जागा मागून घेतली." घरात सगळ्यांना माहीत. एक भरारी पथक सोडून.

"मला का नाही सांगितलंस?" मी विचारलं.

निनाद बसला. चष्मा काढला. "बाबा, ऑनेस्टली सांगू? तुम्ही पहिल्याच चढाला काहीतरी बोलला असता."

"मी काय बोललो असतो?"

"बघा, आत्ताही तुम्ही इन्क्वायरीच करताय." मग म्हणाला, "मला तुमच्याबरोबर यायचं होतं. पण तुमच्याकडून शिकायचं नव्हतं. काकांना मी हे असंच सांगितलं. ते म्हणाले, तू गुरुवारी ये."

तुझा बेतही त्याने सांगितला. एका रविवारी तू नेहमीसारखा माझ्याबरोबर सरळ येणार आणि हा एकटा कात्रजकडून उलटा येणार, आणि खोऱ्यात कुठेतरी तो आपल्याला समोरून भेटणार. "उलटं जाऊ या" ही तुझी टकळी म्हणे नुसती मला चाचपून बघायला होती. का समोरून, तर म्हणे तू त्याला सांगितलंस, "मागून आलास तर तो तुझा वेग काढेल. शेजारून चाललास तर सूचना देईल. समोरून आलास तर त्याला थांबावंच लागेल." मला किती ओळखून होतास रे! आणि त्याच ओळखीचा असा उपयोग केलास.

"घाट पूर्ण झाला तेव्हा काका म्हणाले, हा रविवार सोडून पुढच्या रविवारी," निनाद म्हणाला. त्याच्या आधीच्या मंगळवारी तू गेलास.

आता तुझ्याशी माझं भांडण वेगळं आहे. मला वाटलं होतं, माझी तुझ्याशेजारची जागा कुणी घेतली. ती कुणीच घेतली नव्हती. तू माझी जागा घेतलीस. बापाची. कांताबाईंनी बघितलं ते बरोबरच होतं, बाकावर आडव्या झालेल्या मुलाला घाई नाही म्हणणारा माणूस त्याचा बापच वाटणार. हे तू न विचारता केलंस. मी चिडलोय तुझ्यावर, मनापासून चिडलोय, आणि तुझे पाय धरावेसे वाटतायत, दोन्ही एकाच वेळी. इतके गुरुवार तो तुझ्याशी काय बोलला असेल? कांताबाई म्हणतात कमी बोलायचा. तुझ्याशी कमी बोलला असेल यावर माझा विश्वास नाही. त्यातलं काही माझ्याबद्दल असणार. ते तू सांगणार नाहीस, आणि त्याला विचारायला गेलो तर पुन्हा चौकशीच होईल.

त्यानंतर दोन दिवस घरात आम्ही मीठ दे, वर्तमानपत्र कुठंय, एवढंच बोललो. बरोबर चल म्हणावं, असं मला फार वाटत होतं. वाक्य मनात जुळवून पाहिलं. प्रत्येक वेळी त्याच्या शेवटी एक अट लागायची.

काल रविवार होता. पावणेसहाला गेटवर कुणी नव्हतं. मी खडकवासल्याच्या रस्त्याला लागलो. रांजण्यापर्यंत ठीक गेलो, घाटात दोनदा उतरून सायकल हातात धरली. बघायला कुणी नव्हतं म्हणून उतरलो, असं म्हणता येणार नाही. पायांत जोरच नव्हता. वर पोचल्यावर तोरण्याकडे कसं बघायचं कळेना, म्हणून नाही बघितलं. खाली पाबं ओलांडलं. मग मार्गासनीच्या अलीकडे, भाताच्या खाचरांमधल्या सरळ रस्त्यावर, समोरून एक जाड टायरची सायकल आली. हेल्मेटखाली चष्मा. चालवणारा एकटा. त्याच्या पाठीवर ऊन होतं, माझ्या डोळ्यांवर.

आम्ही दोघेही थांबलो. मधे पांढरा पट्टा. त्याचं तोंड घामाने भिजलेलं, आणि तू ज्या बाजूला असायला हवा होतास तिकडे आम्ही दोघांनी एकदमच पाहिलं. तेव्हा मला रडू आलं, मिलिंद. भर रस्त्यात, अगदी मोठ्याने. एक दुधाची गाडी हॉर्न देत गेली. निनाद सायकल आडवी टाकून पट्टा ओलांडून आला आणि माझ्या खांद्याला धरून उभा राहिला.

डोळे पुसले, आणि माझ्या तोंडातून पहिलं वाक्य काय निघालं असेल? "तुझी सीट फार खाली आहे. गुडघे जातील अशाने." बोलता बोलता माझा हात पिशवीत जाऊन पाना बाहेरही आला होता.

त्याने माझा हात धरला नाही, की रागावलाही नाही. नुसता म्हणाला, "काकांनी ठेवलीय तेवढी. पाय टेकला की भीती वाटत नाही, म्हणाले."

सीट खरंच खाली होती. चार बोटं तरी. तुला हे कळत नव्हतं असं मी मरेपर्यंत म्हणणार नाही; तुझ्याइतकी नेमकी सीट बसवणारा माणूस मी पाहिलेला नाही. तू ती मुद्दाम चुकीची ठेवली होतीस. आणि मुलगा माझ्याकडे बघत होता, मी आता काय करतो ते.

मी पाना परत पिशवीत ठेवला. म्हणालो, "असू दे."